खोऱ्यात अडकलेली लहर

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी ७ वाजून १७ मिनिटांनी मेक्सिको सिटीतल्या दोन भूकंपमापकांनी एकाच भूकंपाची नोंद घेतली. एक उपकरण शहराच्या दक्षिणेला, विद्यापीठाच्या आवारात, थिजलेल्या लाव्हाच्या कठीण थरावर बसवलेले होते. दुसरे तिथून दहा किलोमीटरच्या आत, दळणवळण मंत्रालयाच्या आवारात, मऊ चिकणमातीवर होते. भूकंपाचा उगम दोन्हींपासूनही साडेतीनशे किलोमीटर किंवा त्याहून दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्यालगत झाला होता. इतक्या लांबून येणाऱ्या लहरीच्या दृष्टीने दहा किलोमीटर इकडे की तिकडे याला काहीच अर्थ नाही. तरीही लाव्हावरच्या उपकरणाने जमिनीचा कमाल प्रवेग सुमारे ३५ सेंटिमीटर प्रतिसेकंद-वर्ग दाखवला आणि चिकणमातीवरच्या उपकरणाने १६८.

पाचपट वाढ मोठी आहेच, पण मला त्या दुसऱ्या आलेखाचा आकार जास्त महत्त्वाचा वाटतो. भूकंपाचा आलेख एरवी काटेरी, वेडावाकडा असतो. लहानमोठी कंपने एकमेकांत मिसळलेली असतात आणि त्यात लय शोधून सापडत नाही. इथे मात्र सुरुवातीची गडबड ओसरली की रेघ एका तालात वरखाली जाऊ लागते. दर दोन सेकंदांना एक हेलकावा, मग पुन्हा तेवढ्याच वेळाने दुसरा. किनाऱ्यावरून निघालेल्या लहरीत सर्व तऱ्हेची कंपने होती. त्यांतले दोन सेकंदांचे कंपन या जमिनीने वेचून घेतले, वाढवले आणि धरून ठेवले.

त्या सकाळी शहरात चारशेच्या आसपास इमारती कोसळल्या आणि हजारो माणसे मेली. पडझड सगळीकडे सारखी नव्हती. टेकड्यांवरच्या वस्त्यांना जवळपास धक्का लागला नाही. जुन्या शहरातल्या बसक्या दगडी वास्तू बहुतांशी उभ्या राहिल्या आणि १९५६ साली पुरा झालेला, ४४ मजल्यांचा 'टोरे लातिनोअमेरिकाना' हा मनोराही उभा राहिला. मोडल्या त्या मधल्या उंचीच्या इमारती. सहा-सात मजल्यांपासून पंधरा मजल्यांपर्यंतच्या. त्लातेलोल्को वसाहतीतली 'नुएवो लेओन' ही इमारत आणि हुआरेझ रुग्णालयाचा बारा मजली मनोरा ही त्यांतली सर्वांत जिव्हारी लागणारी नावे. मृत्यूची ही निवड आंधळी नव्हती. तिचे गणित जमिनीखाली होते, आणि ते आधी मांडता आले असते का, या प्रश्नावर गेली चाळीस वर्षे काम चालू आहे.

अॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान टेक्सकोको सरोवरातल्या बेटावर होती. स्पॅनिशांनी १५२१ मध्ये ती जिंकली आणि त्याच जागी नवे शहर उभारले. पुढच्या शतकांत सरोवराचे पाणी काढून दिले गेले आणि शहर सरोवराच्या तळावर पसरत गेले. हा तळ म्हणजे हजारो वर्षे साचलेला गाळ. त्यात आजूबाजूच्या ज्वालामुखींची राख मुरली आणि तिची चिकणमाती झाली. या मातीतल्या पाण्याचे वजन तिच्यातल्या कोरड्या कणांच्या तीन-चारपट भरते. मंत्रालयाच्या आवाराखाली तिचा थर सुमारे ३८ मीटर जाड आहे.

लहर खडकातून अशा मातीत शिरते तेव्हा तिचा वेग एकदम मंदावतो. नुकसान प्रामुख्याने ज्या लहरींमुळे होते त्या, जमिनीला आडवे हलवणाऱ्या लहरी, कठीण खडकातून सेकंदाला दोन-तीन किलोमीटर जातात. मेक्सिकोच्या चिकणमातीत त्यांचा वेग सेकंदाला अवघा ७५ मीटर आहे. मागून येणारी ऊर्जा तर थांबत नाही. वेग घटला की तीच ऊर्जा कमी जागेत गोळा होते आणि तिला वाहून नेण्यासाठी जमिनीला जास्त हलावे लागते. मातीतला वेग खालच्या थराच्या एक दशांश आणि घनता निम्मी धरली, तर दोन्हींचा मिळून फरक वीसपटीचा होतो. हेलकाव्याची वाढ त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे साडेचारपट. यात अनुनाद अजून धरलेलाच नाही.

अनुनादाचे सूत्र सोपे आहे. थराची जाडी चारने गुणायची आणि लहरीच्या वेगाने भागायचे, की त्या थराचा नैसर्गिक आवर्तनकाळ मिळतो. ३८ मीटरची चौपट १५२. त्याला ७५ ने भागले की दोन सेकंद. आलेखावर दिसणारे दोन सेकंद ते हेच. या तालात येणारी लहर पृष्ठभागावरून परत खाली जाते, खालच्या कठीण थरावर आपटून वर येते आणि नेमकी नव्या लहरीला जाऊन मिळते, म्हणून हेलकावा वाढत जातो. इमारतींचेही असेच असते. ढोबळ मानाने प्रत्येक मजल्यामागे एक दशांश सेकंद धरतात. दहा-बारा मजली इमारतीचा काळ एक-सव्वा सेकंद येतो, मऊ जमिनीवर तो लांबतो आणि खांबांना तडे जाऊ लागले की आणखी लांबतो. म्हणजे इमारत मोडू लागली की ती दोन सेकंदांच्या तालाकडे, अधिक धोक्याकडे सरकत जाते. बसक्या वास्तूंचा काळ दोन सेकंदांच्या बराच खाली आणि टोरे लातिनोअमेरिकानाचा बराच वर होता. मंत्रालयाच्या आवारातल्या नोंदीवरून हिशेब केला तर दोन सेकंद आवर्तनकाळाच्या इमारतीवर जवळजवळ गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाइतका आडवा जोर आला असता. तेव्हाच्या बांधकाम नियमांत सरोवराच्या भागासाठी वेगळी तरतूद होती, पण ती या जोराच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासच होती.

आणखी एका गोष्टीने घात केला. बहुतेक मऊ माती जोराने हलवली की तिच्या कणांची घसट होते, काही ऊर्जा तिथेच जिरते आणि कंपन आपोआप आवरते. मेक्सिकोची चिकणमाती मात्र मोठ्या हेलकाव्यातही लवचिक राहते, ऊर्जा फारशी जिरवत नाही. मऊ जमीन धक्का पचवते असा समज आपल्याकडेही ऐकू येतो. या मातीने तो साफ खोटा ठरवला.

मूळचे भारतीय आणि मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात दीर्घकाळ संशोधन केलेले भूकंपशास्त्रज्ञ श्री कृष्ण सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये या नोंदींचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या आवाराशी तुलना करता सरोवराच्या भागात ठरावीक आवर्तनकाळांची कंपने आठपासून पन्नास पटींपर्यंत वाढतात, असे त्यात दिसले. पुढच्या कामातून कळले, की ज्याला आपण कठीण जमीन म्हणून तुलनेचा आधार मानत होतो, ते विद्यापीठाचे आवारसुद्धा किनाऱ्यापासून तितक्याच अंतरावरच्या इतर जागांपेक्षा दहापटीच्या आसपास जास्त हलते. म्हणजे केवळ वरचा ३८ मीटरचा थर नव्हे, तर मेक्सिकोच्या खोऱ्याखालची खोलवरची रचनाही यात सामील आहे.

इथपर्यंतचे गणित कागदावर होते. जमिनीला आडव्या थरांची उतरंड मानायची, लहर थेट खालून वर येते असे धरायचे आणि ती किती वाढली ते काढायचे. असे एकमितीय गणित करणारा 'शेक' हा प्रोग्रॅम १९७२ साली आला आणि जगभरच्या अभियंत्यांनी तो वापरला. कंपनाचा ताल आणि त्याची वाढ तो बऱ्यापैकी सांगतो. मेक्सिकोच्या बाबतीत त्याला एका प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. जमीन इतका वेळ का हलत राहिली? खडकावर हालचाल ओसरल्यानंतरही सरोवरात ती कितीतरी वेळ चालू राहते. आडव्या थरांच्या गणितात ती लवकर विझायला हवी.

उत्तराची एक वाट आधीच तयार झाली होती. खोरे म्हणजे केवळ थर नव्हे, त्याला आकार असतो, काठ असतो. १९७० साली केइती आकी आणि केनेथ लार्नर यांनी खालचा खडक वाकडातिकडा असेल तर पृष्ठभाग कसा हलेल हे मोजण्याची पद्धत दिली. पुढच्याच वर्षी मिहायलो त्रिफुनाक यांनी अर्धवर्तुळाकार खोऱ्यासाठी नेमके गणिती उत्तर काढले. १९८० मध्ये पिएर-इव्ह बार्ड आणि मिशेल बुशों यांनी दाखवले, की खोऱ्याच्या उतरत्या काठावर आदळलेली लहर तिथेच नव्या लहरींना जन्म देते. या पृष्ठलहरी खोऱ्यात आडव्या धावतात, समोरच्या काठावर आपटतात आणि परत फिरतात. पाण्याने भरलेल्या परातीला धक्का द्यावा आणि धक्का थांबल्यावरही काठाकाठांवरून परतणाऱ्या लाटा मधोमध भेटत राहाव्यात, तसा हा प्रकार असतो. बाहेरून आलेला भूकंप निघून जातो, खोरे मात्र आत शिरलेल्या लहरीला बाहेर पडू देत नाही.

काठाचा हा परिणाम किती घातक असतो हे १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधल्या कोबेत दिसले. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांच्या त्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. सर्वाधिक पडझड एका अरुंद पट्ट्यात झाली. हा पट्टा प्रस्तरभंगावर नव्हता, त्यापासून सुमारे एक किलोमीटर बाजूला, गाळाच्या भागात होता. हिरोशी कावासे यांनी पुढच्या वर्षी त्याचे कारण मांडले. थेट खालून गाळातून वर येणारी लहर आणि खडकाच्या काठावरून वळून आडवी आलेली लहर नेमक्या त्या पट्ट्यात एकाच वेळी पोहोचल्या आणि त्यांची बेरीज झाली. त्या पट्ट्यात घर असणे हे त्या लोकांचे दुर्दैव होते, पण ते मोजता येण्याजोगे होते.

मग मेक्सिकोतल्या लांबलेल्या कंपनांचे कोडे काठावरच्या लहरींनी सुटले का? इथे गोष्ट अवघड होते आणि मला याच कारणाने ती आवडते. चिकणमातीत धावणाऱ्या लहरीचा वेग सेकंदाला ७५ मीटर आणि माती थोडी जरी ऊर्जा खात असली, तरी आठ-दहा हेलकाव्यांत लहरीचा जोर निम्म्याहून खाली येतो. तेवढ्या वेळात ती जाणार किती? फार तर एक-दीड किलोमीटर. सरोवराचा भाग त्यापेक्षा कितीतरी रुंद आहे. म्हणजे काठावर जन्मलेली लहर मध्यापर्यंत पोहोचायच्या आधीच मरायला हवी. या मुद्द्यावर बरीच वर्षे वाद चालला. काहींनी लहरींची कंपने शहराबाहेर, ज्वालामुखीच्या खडकांच्या पट्ट्यात आधीच लांबलेली असतात असे दाखवले. २०१६ मध्ये व्हिक्टर क्रुझ-आतिएन्सा आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे त्रिमितीय संगणकीय मॉडेल चालवून एक पटणारे उत्तर पुढे ठेवले. पृष्ठलहरींचे काही प्रकार जास्त खोल पोहोचतात. त्यांची बरीचशी ऊर्जा चिकणमातीच्या खालच्या, जास्त घट्ट थरांतून वाहते, तिथे ती फारशी जिरत नाही, आणि वाटेत वरच्या मऊ मातीला ती हलवत जाते. असे असेल तर लहर मरत नाही, कारण ती मातीतून जातच नाही. वरची माती फक्त तिला प्रतिसाद देते.

हे कागद-पेन्सिलीने निघणारे नव्हते, त्यासाठी मॉडेलच लागते. मॉडेल म्हणजे जमिनीच्या मोठ्या तुकड्याचे लहान ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्याला त्याची घनता आणि लहरींचा वेग द्यायचा, एका टोकाला प्रस्तरभंग सरकवायचा आणि क्षणाक्षणाला प्रत्येक ठोकळा शेजारच्याला किती ढकलतो ते न्यूटनच्या नियमाने मोजत जायचे. ऐकायला सोपे, पण खर्च ठोकळ्यांच्या आकारात आहे. लहर नीट उमटायची तर तिच्या एका लांबीत पाच-सात तरी ठोकळे बसले पाहिजेत. ७५ मीटर वेगाच्या मातीत सेकंदाला एक हेलकावा देणाऱ्या लहरीची लांबी ७५ मीटरच असते. म्हणून ठोकळा दहा मीटरचा हवा. पन्नास किलोमीटर लांब, तेवढेच रुंद आणि पाच किलोमीटर खोल खोरे दहा मीटरच्या ठोकळ्यांनी भरले तर साडेबारा अब्ज ठोकळे लागतात. दुप्पट वेगवान कंपने पाहायची असतील तर ठोकळा निम्मा होतो, संख्या आठपट होते, वेळेची पावलेही दुप्पट होतात. एकूण खर्च सोळापट. म्हणून खोलवरच्या घट्ट थरांत जाळी विरळ ठेवणे, वाकड्या पृष्ठभागाशी जुळणारे ठोकळे घेणे अशा युक्त्या लढवाव्या लागतात. या पद्धती घडवण्यात फ्रेंच, जपानी आणि अमेरिकी गटांची कित्येक वर्षे गेली आहेत.

२०१० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी सान अँड्रियास प्रस्तरभंगावर ८ तीव्रतेचा भूकंप संगणकावर घडवला. ८१० किलोमीटर लांब, ४०५ रुंद, ८५ खोल भाग, ४० मीटरचे ठोकळे, एकूण ४३६ अब्ज. अमेरिकेतला तेव्हाचा सर्वांत बलाढ्य महासंगणक त्यासाठी चोवीस तास राबला. तरीही सेकंदाला दोन हेलकाव्यांपर्यंतच मजल गेली आणि ४०० मीटरपेक्षा मंद माती मॉडेलमध्ये धरता आली नाही. मेक्सिकोची माती तर ७५ ची. यावरून आपण अजून किती मागे आहोत याची कल्पना येते.

तरी अशा मॉडेलांनी हाताला लागलेल्या गोष्टी थोड्या नाहीत. त्याच गटाच्या आधीच्या 'टेराशेक' या मॉडेलमध्ये एक अनपेक्षित गोष्ट दिसली. प्रस्तरभंग आग्नेयेकडून वायव्येकडे फुटत गेला, तर सॅन बर्नार्डिनोपासून लॉस एंजेलिसपर्यंत एकमेकांना जोडलेल्या गाळाच्या खोऱ्यांची साखळी लहरींना नळासारखी थेट शहराकडे वळवते. हा निव्वळ संगणकाचा खेळ असेल अशी शंका रास्त होती. तिची तपासणी २०१४ मध्ये वेगळ्याच मार्गाने झाली. समुद्राच्या लाटांनी जमीन अहोरात्र बारीक थरथरत असते. दोन ठिकाणच्या त्या थरथरीची गणिती सांगड घातली, की एका ठिकाणी धक्का बसला तर दुसऱ्या ठिकाणी काय पोहोचेल ते काढता येते. मरीन डेनॉल आणि सहकाऱ्यांनी असे 'आभासी भूकंप' तयार केले. लॉस एंजेलिसकडे जाणारी ती वाट त्यांतही दिसली.

माझे स्पष्ट मत असे, की आज अडचण संगणकाची कमी आणि जमिनीखालच्या नकाशाची जास्त आहे. प्रत्येक ठोकळ्याला वेग द्यायचा म्हणजे तो कुणीतरी मोजलेला हवा. त्यासाठी विंधणछिद्रे लागतात, गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजावे लागतात, जमिनीवर घण मारून लहरी परत येण्याचा वेळ पाहावा लागतो. यांत सर्वांत स्वस्त आणि हातात मावणारी पद्धत युताका नाकामुरा यांनी १९८९ मध्ये रूढ केली. उपकरणाला तीन टोकदार पाय असतात. मोकळ्या, घट्ट जागी ते ठेवायचे, वरच्या काचेतला बुडबुडा मध्यभागी येईपर्यंत पाय फिरवायचे, बाण उत्तरेला करायचा आणि बाजूला होऊन अर्धा तास शांत बसायचे. रहदारी, वारा, दूरचा समुद्र यांनी जमीन जी थरथरते ती तीन दिशांत नोंदली जाते. आडव्या थरथरीला उभ्या थरथरीने भागले की कुठल्यातरी एका आवर्तनकाळावर टोक उठून दिसते. तोच त्या जागेचा ताल. टोक दोन सेकंदांवर असले आणि लहरीचा वेग माहीत असला, तर खाली कठीण थर किती खोल आहे तेही कळते. शहरभर असे शेकडो बिंदू घेतले की खोऱ्याचा तळ हळूहळू नकाशावर उमटू लागतो.

नेपाळमध्ये या सगळ्याची कसोटी लागली. काठमांडू एका जुन्या सरोवराच्या तळावर वसले आहे. तिथली काळी चिकणमाती आणि इतर गाळ मिळून जाडी मध्यभागी पाचशे मीटरहून अधिक आहे. पाचशेची चौपट २,०००. तिला गाळातल्या सरासरी ४०० मीटर वेगाने भागले की पाच सेकंद. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी ११ वाजून ५६ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा भूकंप गोरखा भागात सुरू झाला आणि फुटत फुटत काठमांडूच्या उत्तरेकडून पूर्वेला गेला. शहरातल्या उपकरणांनी चार-पाच सेकंदांचे प्रचंड, संथ हेलकावे टिपले. होक्काइडो आणि त्रिभुवन या विद्यापीठांनी २०११ मध्ये चार उपकरणे एका ओळीत बसवली होती. कीर्तिपूरच्या खडकावरच्या उपकरणावर हालचाल तुलनेने लवकर संपली आणि गाळावरच्या तिन्हींवर ती लांबत गेली. भूकंपात नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसे मेली, पण शहरातल्या दोन-तीन मजली घरांची पडझड भीती होती त्या मानाने कमी झाली. प्रस्तरभंग सावकाश, संथ लहरी सोडत सरकला आणि वेगवान कंपने थोडी आली, हे त्याचे एक कारण. खोऱ्याने जे वाढवले ते पाच सेकंदांचे कंपन, आणि त्या तालाची घरे शहरात फारशी नव्हतीच. उंच, सडपातळ धरहरा मनोरा मात्र पडला. आता काठमांडूत उंच इमारती वाढत आहेत आणि पुढचा भूकंप याच जातीचा असेल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

मेक्सिकोने हे दुसऱ्यांदा अनुभवले. १९ सप्टेंबर २०१७, नेमकी तीच तारीख. सकाळी शहरभर भूकंपाचा सराव झाला आणि दुपारी सव्वाच्या सुमारास खरा भूकंप आला. तीव्रता ७.१, उगम सुमारे १२० किलोमीटरवर, पण किनाऱ्यावर नव्हे, जमिनीखाली पन्नासहून अधिक किलोमीटर खोल. जवळचा असल्याने त्याच्यात वेगवान कंपने जास्त होती. या वेळी दोन सेकंदांचा भाग १९८५ इतका हलला नाही. हललेला भाग सरोवराचा पश्चिमेकडचा, जिथे चिकणमातीचा थर पातळ आहे आणि ताल एक ते दीड सेकंदाचा. मोडल्या त्या मुख्यतः चार ते आठ मजली इमारती, त्यांतल्या बऱ्याच १९८५ पूर्वीच्या. खोरे तेच, पण भूकंप वेगळा आला म्हणून त्याने वेगळा पट्टा आणि वेगळ्या उंचीच्या इमारती वेचल्या. शहराचा एकच 'धोक्याचा नकाशा' छापून भिंतीवर लावला की झाले, असे होत नाही. वेगवेगळ्या उगमांचे भूकंप मॉडेलमध्ये घालून पाहावे लागतात.

आणि खोरे तरी तेच राहते का? मेक्सिको सिटी चिकणमातीखालच्या थरांतले पाणी उपसते, त्यामुळे माती दबते. विसाव्या शतकात शहराचा काही भाग दहा मीटरपर्यंत खचला. दबलेली माती पातळ आणि घट्ट होते, आवर्तनकाळ कमी होतो. इमारत उभी राहिली त्या वर्षीच्या तालाप्रमाणे तिची रचना केली असेल, तर काही दशकांनी खालची जमीन दुसऱ्याच तालात हलत असेल. तिथले अभियंते आता हा बदलही हिशेबात धरतात.

आपल्या देशातले सर्वांत मोठे असे खोरे गंगेचे. हिमालयाच्या पायथ्याशी गाळ काही किलोमीटर जाड आहे, दक्षिणेकडे तो पातळ होत जातो. हिमालयातल्या मोठ्या भूकंपाची लहर या पाचरीसारख्या गाळात शिरली की कोट्यवधी लोकांच्या पायाखालून जाते. १ सप्टेंबर १८०३ च्या गढवालच्या भूकंपात दूरवरच्या कुतुबमिनाराचा वरचा भाग पडला होता. दिल्लीत 'रिज' या टेकड्यांच्या रांगेवरचा क्वार्टझाइट खडक आणि यमुनेकाठचा गाळ यांतले अंतर काही किलोमीटरचेच, पण भूकंपाच्या दृष्टीने ती दोन वेगळी शहरे आहेत. अहमदाबादचा अनुभव तर आपल्या पिढीचा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये, अडीचशे किलोमीटरच्या आसपास दूर, आणि साबरमतीच्या गाळावरच्या या शहरात बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे गेली. तळमजल्यावर मोटारींसाठी नुसते खांब ठेवण्याची पद्धत हे त्याचे मोठे कारण, यात शंका नाही. पण त्या कमकुवत खांबांपर्यंत जोर पोहोचवला तो गाळाने.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर, त्यावर मातीचा पातळ थर. त्यामुळे मेक्सिकोसारखे काही इथे होईल असे सांगणे अतिशयोक्ती ठरेल. मुंबईत खाडीकाठची मऊ माती आणि भराव यांचा प्रश्न आहे, पण ते थर उथळ आहेत. खऱ्या अर्थाने गाळाचे खोरे म्हणावे असे आपल्याकडे तापी-पूर्णेचे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्याखाली गाळ काही ठिकाणी तीनशे मीटरहून जाड आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप होऊन गेला आहे. गाळातला सरासरी वेग ५०० मीटर धरला तर ३०० मीटर जाडीचा ताल २.४ सेकंद येतो. म्हणजे आजच्या गावांतल्या घरांना त्याची फार झळ नाही, उद्या तिथे उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींना, मोठ्या पुलांना आणि पाण्याच्या टाक्यांना आहे. ५०० हा आकडा मी उदाहरणादाखल धरला आहे. खरा आकडा प्रत्यक्ष मोजावा लागेल. गोड्या पाण्याच्या शोधात या पट्ट्यात कित्येक वर्षे विंधणविहिरी खोदल्या जात आहेत आणि भूजल सर्वेक्षणाच्या नोंदींत कुठल्या खोलीवर काय लागले ते लिहिलेले असते. त्या नोंदी आणि तीन टोकदार पायांचे ते उपकरण घेऊन घालवलेला एक हिवाळा, एवढ्यावर पूर्णेच्या खोऱ्याच्या मॉडेलला सुरुवात करता येईल.